क्लच का जळतो? अर्ध्या ऊर्जेचा हिशेब

२०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत मॅन्युअल गिअरच्या सुमारे ६९ हजार जीप रँगलर आणि ग्लॅडिएटर गाड्यांसाठी रिकॉल निघाला, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने त्या परत बोलावल्या. कारण होतं क्लच. प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणारी लोखंडी तबकडी, अति तापून फुटू शकते, तिचे तापलेले तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर पडू शकतात आणि आग लागू शकते, असा तो दोष. याच दोषासाठी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये रिकॉल झाले होते. २०२१ मध्ये तर उपाय म्हणून सॉफ्टवेअर आलं: क्लचचं तापमान धोक्याच्या पातळीकडे जाऊ लागलं की इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी करायचा. तरी २०२३ उजाडलं आणि आधी दुरुस्त झालेल्या गाड्यांनाही परत यावं लागलं.

अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, लोकांना क्लच वापरताच येत नाही. दुसरा म्हणतो, कंपनीने हलका माल लावला. दोन्ही गट एक साधा हिशेब करत नाहीत, आणि तो शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतो.

इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरतंय आणि गाडी उभी आहे. तुम्ही पेडल सोडू लागता. क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला, आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला घासू लागते. घर्षणाचा टॉर्क इंजिनाच्या बाजूला जेवढा तेवढाच गाडीच्या बाजूला. पण इंजिनाची बाजू सगळा वेळ १००० ने फिरते, तर गाडीची बाजू शून्यापासून १००० पर्यंत चढते, म्हणजे सरासरी ५०० ने. जोर तोच, फेरे निम्मे. म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी बरोबर अर्धी गाडीला मिळते आणि उरलेली अर्धी क्लचमध्ये उष्णता होते. सपाट रस्त्यावर, इंजिनाचे फेरे स्थिर असताना, पाय कितीही हलका असला तरी हे अर्धं चुकत नाही. अलगद सोडा किंवा झटक्यात, एकूण उष्णता तेवढीच. फरक पडतो तो ती किती वेळात निर्माण होते याचा.

मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण त्यातून एक गोष्ट आपोआप निघते. क्लचच्या वाट्याला येणारी उष्णता ही गाडीने त्या क्षणी मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. दोन टनांची गाडी घ्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे २१ फेरे झाले की चाकाचा १ होतो. १००० फेऱ्यांना वेग येतो साधारण ताशी ७ किलोमीटर, आणि क्लचमध्ये जातात सुमारे ४ किलोज्यूल. आता ट्रान्स्फर केसचा, म्हणजे चारही चाकांना जोर वाटणाऱ्या जादा गिअरपेटीचा, लिव्हर फोर-लो या सर्वांत संथ टप्प्यात टाका, ४:१ चं गुणोत्तर धरा. वेग चौथाई, म्हणून उष्णता सोळावा भाग: जेमतेम २६० ज्यूल. क्लचसाठी याहून मोठं संरक्षण कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि ते गाडीत आधीच बसवलेलं असतं!

चढावर हिशेब आणखी बिघडतो. पाचाला एक असा चढ, गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, जागच्या जागी धरून ठेवलेली, इंजिन १५०० फेऱ्यांवर. गाडी हलत नाही, म्हणजे तिला काहीच मिळत नाही. सगळी ऊर्जा क्लचमध्ये. आपल्या दोन टनी गाडीसाठी ती येते सुमारे १२ किलोवॅट. एक-एक किलोवॅटचे बारा हीटर एका बंद डब्यात लावावेत, तसं.

पण नुसतं तापणं म्हणजे फुटणं नव्हे. ओतीव लोखंडाची पाच किलोची प्लेट बरीच उष्णता पचवते. खरी गंमत पृष्ठभागावर घडते.

एका गॅरेजमध्ये जळलेल्या क्लचची प्रेशर प्लेट मी हातात घेऊन पाहिली आहे. कडी सगळीकडे सारखी काळवंडलेली असेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं. ठरावीक अंतरावर निळसर-काळे ठिपके होते, आणि मधला भाग चक्क चकचकीत. एका ठिपक्यावरून नख फिरवलं तर केसाएवढ्या भेगेत अडकलं. उष्णतेने असे ठिपके का निवडावेत?

समजा पृष्ठभागावर एक जागा अगदी किंचित, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, उंच आहे. तिथे दाब जास्त पडतो. दाब जास्त म्हणून घर्षण जास्त, घर्षण जास्त म्हणून उष्णता जास्त. तापलेलं लोखंड फुगतं, जागा आणखी उंच होते, आणि दाब आणखी तिथेच एकवटतो. शेवटी सगळा भार चार-सहा ठिपक्यांवर येतो. याला औष्णिक-स्थितिस्थापक अस्थैर्य म्हणतात. रेल्वेच्या ब्रेकचा अभ्यास करताना जे. आर. बार्बर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याची उकल केली. याच्या विरुद्ध काम करतं उष्णतावहन, जे उंचवट्यातली उष्णता शेजारी पसरवतं. पण लोखंडात एका सेकंदात उष्णता आत शिरते ती तीन-चार मिलिमीटर. म्हणून घसरण्याच्या वेगाला एक मर्यादा असते: तिच्या खाली वहन जिंकतं आणि उंचवटा विरघळतो, तिच्या वर उंचवटा जिंकतो आणि वाढतच जातो. चिखलात रुतलेली गाडी काढताना इंजिन ३००० वर नेऊन हाफ क्लच धरणं घातक का, तर एकूण उष्णतेइतकाच हा वेगही तिथे नडतो.

ठिपका सव्वासातशे अंशांच्या वर गेला की लोखंडाची अंतर्रचना बदलते. पेडल पूर्ण सोडलं की घसरण थांबते, आणि ठिपक्याखालचं थंड लोखंड त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेतं. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो तेच इथे नकळत होतं. ठिपका कडक, ठिसूळ होतो, आणि नव्या रचनेला जागा जास्त लागत असल्याने थंड झाल्यावरही उंचच राहतो. पुढच्या वेळी घर्षण तिथूनच सुरू होतं, भेगा खोल जातात. मिनिटाला ६००० फेऱ्यांना, केंद्रापासून १२ सेंटिमीटरवरच्या प्रत्येक ग्रॅम लोखंडाला बाहेर ओढणारा जोर असतो जवळजवळ पावणेपाच किलो वजनाएवढा. धडधाकट प्लेट तो सहज पेलते. भेगाळलेली, तापलेली प्लेट पेलेलच असं नाही.

आता सॉफ्टवेअरकडे. क्लचमध्ये थर्मामीटर नसला तरी हा हिशेब करता येतो: इंजिनाचे फेरे माहीत, चाकांचे फेरे आणि गिअर माहीत, म्हणजे घसरण माहीत, तिला टॉर्कने गुणलं की किलोवॅट मिळतात आणि ते वेळेनुसार बेरजेत धरले की तापमानाचा अंदाज येतो. मला ही कल्पना चांगली वाटते. चढाच्या मध्यावर ताकद अचानक कमी झाली की चालक वैतागणार, हेही खरं. पण पडलेली भेग कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. म्हणून ज्या गाडीचा क्लच आधी कधी वास मारून गेला आहे, तिच्या मालकाने रिकॉलच्या दुरुस्तीत प्लेट उघडून पाहणार की नाही, हे आवर्जून विचारावं.

‘नवा क्लच एकदा वास येईपर्यंत जाळला की नीट बसतो’ हा समज मात्र मुळापासून चुकीचा आहे. नवी प्लेट बसते ती पहिले काहीशे किलोमीटर हलक्या हाताने चालवल्याने. जाळल्याने क्लच प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराला बांधून ठेवणारं रेझिन करपतं, घर्षण घटतं, आणि घसरण व उष्णता दोन्ही वाढतात. ‘कधीच न जळणाऱ्या’ सिरॅमिक क्लचच्या जाहिरातींचंही तेच: अस्तर टिकेल, पण उष्णता तेवढीच निर्माण होणार आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेटच्या लोखंडातच जाणार.

लक्षणं थोडक्यात. वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर फेरे चढतात आणि वेग चढत नाही, तर प्लेट घसरतेय. जागेवरून निघताना गाडी थरथरते, तर ठिपके पडले असण्याचा संशय घ्यावा. पेडल मऊ पडलं किंवा खालीच राहिलं, तर आधी हायड्रॉलिक्समधली हवा आणि गळती पाहावी.

आणि वास आलाच, तर गाडी सपाट जागी घ्या, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवून पेडलवरून पाय पूर्ण काढा. क्लच जुळलेला असला की घसरण शून्य होते, फिरणारी प्लेट आतली हवा ढवळत राहते आणि ठिपक्यांतली उष्णता हळूहळू बाकीच्या लोखंडात पसरते. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. निघताना लिव्हर फोर-लोमध्ये टाका.