माती दाबण्याचा रोलर (लहान ट्रॅक्टरसाठी)

मशागत केलेल्या शेताचा वरचा थर दाबून घेण्यासाठी, राहिलेली ढेकळे फोडण्यासाठी आणि पेरलेल्या बियाण्याला माती नीट बिलगावी यासाठी ट्रॅक्टरमागे जोडायचे दंडगोलाकार अवजार. बैलांच्या शेतीत या कामासाठी मैंद किंवा फळी फिरवीत. फळी माती घासत पुढे नेते, रोलर मात्र जागच्या जागी वरून भार देतो. त्यामुळे ओळीत टाकलेले बी रोलरखाली जागचे हलत नाही.

रोटाव्हेटरने जमीन भुसभुशीत होते, पण मातीच्या कणांमध्ये मोठ्या पोकळ्याही राहतात. बी अशा पोकळीत अधांतरी पडले, तर खालचा ओलावा केशाकर्षणाने वर येऊन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि वरचा थर वाऱ्याउन्हाने लवकर सुकतो. रोलरने या पोकळ्या मिटतात आणि उगवण एकसारखी होते. हा परिणाम वरच्या काही सेंटिमीटरांपुरताच असतो. शेतातल्या रोलरने बांधाचा किंवा रस्त्याचा भराव पक्का होत नाही. त्यासाठी माती थराथराने टाकून कंपन देणारे यंत्र किंवा धुम्मस वापरावा लागतो.

आजच्या रोलरची घडण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ठरली. बेव्हर्ली येथील विल्यम क्रॉसकिल यांनी दातेरी चकत्यांचा ढेकळे फोडणारा रोलर १८४१ मध्ये, तर विल्यम केंब्रिज यांनी कंगोरेदार कड्यांचा रोलर १८४४ मध्ये पेटंट केला. पुढे अमेरिकेत कड्यांच्या दोन रांगा एकामागे एक बसवलेला ‘कल्टिपॅकर’ रूढ झाला. गुळगुळीत आणि कंगोरेदार हेच दोन प्रकार आजही प्रमुख आहेत.

गोव्यात या दोहोंतली निवड पाऊसच करतो. येथे वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्याच्या अखेरीस भाताची धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी) करून गुळगुळीत रोलर फिरवला, तर पहिल्याच मोठ्या सरीने वर पापुद्रा धरतो आणि उतारावरून पाणी बियाण्यासकट वाहून जाते. कंगोरेदार कडी मातीवर बारीक सऱ्या उठवतात. त्या उताराला आडव्या पडल्या, की पाणी थबकून मुरते. म्हणूनच गोव्यात रोलर घ्यायचा, तर तो कंगोरेदार असावा आणि त्याचे वजन कमीजास्त करता यावे.

जमिनीच्या प्रकारानुसार त्याची गरजही बदलते. किनाऱ्यालगतच्या रेताड खेर जमिनींत भात निघाल्यावर, शिल्लक ओलीवर अळसांदे (चवळीचा प्रकार), भुईमूग किंवा भाजीपाला घेतला जातो. येथे रोलरचा सर्वाधिक उपयोग होतो, कारण रेताड मातीतली ओल दोनचार दिवसांतच खाली उतरते. मोरड जमिनी उंचावरच्या आणि जांभ्याच्या असतात. मातीचा थर उथळ आणि खडे फार. तेथे हलका रोलर खडे दाबून बसवतो, पण पातळ पत्र्याच्या रोलरला पोचे पडतात. मांडवी आणि झुआरीच्या खाडीकाठच्या खाजन शेतांत चिकण माती आणि खारे पाणी यांचे राज्य असते. अशा ओल्या मातीवर रोलर नेणे म्हणजे जमिनीचे हातचे नुकसान करणे होय. दबलेल्या चिकणमातीत मुळे शिरत नाहीत आणि पाण्याचा निचरा थांबतो. चिखलणी करून लावणी करायच्या भातशेतीला तर या अवजाराची गरजच नाही.

पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण ६०० ते १,००० किलो असते. रोलरची मापे त्यावरून ठरवावीत. रुंदी १.२ मीटर असली, की बहुतेक लहान ट्रॅक्टरांच्या चाकांचे माग झाकले जातात. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा किंवा पाइपचा, ४५ सेंटिमीटर व्यासाचा पोकळ रोलर दोन भागांत करून घेता येतो. दोन्ही भाग मिळून त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. सांगाडा सोडून लोखंडाचे वजन सुमारे ११० किलो धरले, तर भरलेला रोलर ३०० किलोंचा होतो, म्हणजे मीटरमागे २५० किलो भार पडतो आणि रेताड मातीला तो पुरतो. त्याच पोकळीत काँक्रीट ओतले, तर वजन साडेपाचशे किलोंच्या वर जाते आणि ते पुन्हा कमी करता येत नाही. चढउताराच्या, मेरांनी (बांधांनी) तुटलेल्या लहान शेतांत असे ओझे गैरसोयीचे ठरते.

एकच लांब नळकांडे करण्याऐवजी साठ सेंटिमीटरचे दोन भाग एकाच आसावर सुटे फिरतील असे बसवावेत. वळताना बाहेरचा भाग वेगाने आणि आतला सावकाश फिरतो. अखंड रोलर अशा वेळी माती खरवडतो आणि बी उघडे पाडतो. आस ४० मिलिमीटरचा घ्यावा. बेअरिंग धूळ रोखणाऱ्या सीलचे आणि ग्रीस भरता येईल असे असावे. कंगोऱ्यांसाठी दहाएक सेंटिमीटर अंतराने गोल सळीची कडी वेल्ड करतात. चिकटलेली माती खरवडून काढणारी पट्टीही लावतात. ती कड्यांच्या मापाने कापून घ्यावी लागते.

भंगारातल्या दोनशे लिटरच्या पिंपाचा रोलर स्वस्तात होतो, पण त्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि काँक्रीटचा आधार नसेल तर तो चेपतो. पिंपात पूर्वी डिझेल, थिनर किंवा तेल असेल, तर त्याला वेल्डिंग किंवा गॅसकटर कधीही लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातल्या वाफांचा स्फोट होऊन माणूस दगावतो. नुसते पाण्याने विसळल्याने हा धोका जात नाही.

तयार रोलर घेताना भावापेक्षा जोडणीकडे आधी लक्ष द्यावे. लहान ट्रॅक्टरच्या तीनबिंदू जोडणीचे माप प्रत्येक मॉडेलचे सारखे नसते, म्हणून पिना प्रत्यक्ष बसवून पाहाव्यात. मागे जड अवजार उचलले, की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सुटते. यासाठी लिफ्टची क्षमता आणि पुढची वजने दोन्ही तपासावीत. ओढायच्या रोलरला ब्रेक नसतो. उतारावर तो ट्रॅक्टरला ढकलतो, तेव्हा खालच्या गिअरमध्येच उतरावे, क्लच दाबू नये आणि रस्त्याने नेताना पाणी काढून टाकावे.

रोलर वाफशावरच, म्हणजे माती फार ओली किंवा फार कोरडी नसतानाच, फिरवावा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टोचावा. तो भुगा होऊन फुटला, तर जमीन तयार आहे, आणि बोटाला चिकटून नुसता चेपला, तर थांबावे. वेग ताशी पाच किलोमीटरांच्या आसपास ठेवावा. काम संपल्यावर शेतात चालून पाहावे; टाच अर्ध्या इंचापेक्षा खोल रुतत असेल तर वजन वाढवून आणखी एक फेरी घ्यावी, आणि टाचेची खूणच उमटत नसेल तर पाणी कमी करावे.

रोलर पाण्याने काठोकाठ न भरता थोडी जागा मोकळी ठेवतात, म्हणजे उन्हात तापलेल्या पाण्याला पसरायला वाव राहतो. खाडीचे खारे पाणी मुळीच भरू नये. पावसाळ्याआधी सगळे पाणी काढून, आतून वाळवून, बूच घट्ट लावावे. आसाला ग्रीस द्यावे आणि रोलर जमिनीला न टेकता लाकडी ठोकळ्यांवर, छपराखाली ठेवावा. किनाऱ्याच्या दमट हवेत गंज आधी वेल्डिंगच्या सांध्यांना धरतो, म्हणून तेथे रंगाचा हात दरवर्षी फिरवावा.