जुन्या फोर-बाय-फोर पिकअपची घरगुती दुरुस्ती व फेरबदल (नाशिक)

पुढे केबिन, मागे उघडा हौदा, खाली शिडीच्या घडणीची चासी आणि गरज पडली तर चारही चाकांना ताकद देण्याची (फोर-बाय-फोर) सोय असलेली जुनी पिकअप घरच्या अंगणात किंवा मळ्यातल्या शेडमध्ये स्वतः दुरुस्त करणे व तिच्यात हवे ते बदल करणे, ही नाशिक शहरात आणि जिल्ह्यात रुजलेली रीत आहे. ‘जुनी’ म्हणजे ढोबळमानाने पंधरा वर्षांपलीकडची. वयापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे तिचा डिझेल पंप यांत्रिक असतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल इंजिनाचीही बरीच कामे घरी होतात, पण त्यातला बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. यांत्रिक पंपाच्या इंजिनाला पाना, कान आणि हाताचा अंदाज पुरतो, म्हणून ही नोंद मुख्यतः अशा गाड्यांबद्दल आहे.

गाड्या. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढच्या अनेक दशकांतल्या कष्टाच्या गाड्या त्याच वंशातल्या होत्या. त्यांतल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या घडणीचे २११२ सीसी डिझेल इंजिन होते. टेल्कोने (आताच्या टाटा मोटर्सने) १९८८ मध्ये टाटा मोबाइल २०६ आणली आणि पिकअप हा शब्द गावोगावी पोचला. बोलेरो २००० साली आली. तिच्याच कुळातल्या कॅम्परला दुहेरी केबिन आणि मागे हौदा मिळाला, आणि तिची २५२३ सीसी डिझेल इंजिनाची फोर-बाय-फोर आवृत्ती आज घरगुती कारागिरांची विशेष आवडती आहे. पुढेमागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेल्या जुन्या जीपांचे हौदे कापून केलेल्या पिकअपही दिसतात, पण त्यांची कागदपत्रे तपासल्याशिवाय हात घालू नये.

नाशिकची पार्श्वभूमी. या रीतीला नाशिकमध्ये दोन्ही बाजूंनी खतपाणी मिळाले. एका बाजूला कारखाने. सातपूरला महिंद्राचा मोटार कारखाना, इगतपुरीला त्यांचेच इंजिन तयार होते, ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना. त्र्यंबक रोडवरच्या ज्या चौकाला लोक आजही मायको सर्कल म्हणतात, ते नाव ज्या कंपनीचे, त्या आताच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे, इंधन फवारणारे नोझल आणि इंजेक्टर बनतात. म्हणजे अंगणातल्या पिकअपचे नोझल कधीकाळी याच गावात घडलेले असण्याची शक्यता मोठी. सातपूर-अंबडचे फिटर, टर्नर, वेल्डर सिडकोतल्या घरांत राहायला आले. पहिली पाळी करून दुपारी घरी आलेल्या माणसाला मायक्रोमीटर वाचता येतो आणि कुठल्या नटाला किती जोर लावायचा हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. शेजारच्याच्या गाडीखाली तो सहज शिरतो.

दुसऱ्या बाजूला शेत. दिंडोरी-निफाडची द्राक्षे, पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा असा सगळा माल पिकअपनेच निघतो. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात लाल चिखलाचे चढ आणि पाण्याखाली जाणारे मोऱ्या-ओढे लागतात. पूर्वेकडच्या काळ्या मातीत तर दोन सरी पडल्या की टायरची नक्षी भरून जाते आणि चाक जागेवर फिरू लागते. तिथे फोर-बाय-फोर ही हौस राहत नाही. कामाचा मोसमही शेतीच ठरवते. द्राक्षहंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. तो उरकला, खरड छाटणी झाली, की मे महिन्यात गाडी ‘खोलायला’ घेतात, कारण जूनच्या पावसाआधी ती उभी राहिली पाहिजे.

गंज. घरगुती दुरुस्तीची पुस्तकी सुरुवात इंजिनापासून होते. नाशिकच्या गाडीची सुरुवात हौद्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरतात. चुना पडण्याआधीचे मोरचुदाचे पाणी हौद्यात सांडले की रसायनशास्त्राच्या वर्गातला प्रयोग पत्र्यावर सुरू होतो: तांबे बाहेर बसते आणि लोखंड विरघळते. त्यात द्राक्षांचा सांडलेला रस आणि पन्हाळ्यांत साचलेली ओली माती यांची भर पडते. पत्रा वरून शाबूत दिसतो, पण खालून पेचकस टोचला की आरपार जातो.

मी घेतलेल्या एका गाडीचा हौदा असाच चकाकत होता. घरी आणल्यावर सहज लोहचुंबक फिरवला, तर डाव्या चाकावरच्या उंचवट्यावर तो चिकटेचना, घसरून खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच. कोणा रंगाऱ्याने जाळी ठोकून वर बोटभर लांबी (पुट्टी) भरली होती आणि त्यावर सुरेख रंग मारला होता. तेव्हापासून गाडी बघायला जाताना खिशात चुंबक असतो. सडका भाग लोखंड लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा, सांधा घासून रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर द्यायचा आणि मगच लांबी, तीही खड्डा भरण्यापुरती. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार आणि अल्टरनेटरची जोडणी सोडवतात, नाहीतर डायोड जळतात. चासीच्या पेटीसारख्या पोकळ भागात पाण्याच्या जोराने माती काढून, वाळल्यावर घट्ट तेल किंवा मेण फवारावे. चासीलाच भेग असेल तर अंगणातले काम थांबवून जाणत्या वेल्डरकडेच जावे.

ब्रेक, स्टेअरिंग आणि पाटे. गाडीखाली शिरण्याआधी ती घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. चाकांना दगडाची ओट लावावी, कारण मागची बाजू उचलली की मागच्या चाकांवरचा हँडब्रेक निकामी ठरतो.

ब्रेकची एअर काढणे हे दोघांचे काम आहे आणि कित्येक घरांत मुलांची गॅरेजशी पहिली ओळख तिथेच होते. लेक पेडलवर बसते, बाप चाकामागे आडवा. तो म्हणतो ‘दाब’, ती चार-पाच वेळा पंप मारते. ‘धर’ म्हटले की पेडल दाबून धरते. निपल पाव फेरा उघडला की नळीतून बुडबुड्यांसह ब्रेक ऑइल येते आणि पेडल खाली जाते. निपल बंद होईपर्यंत तिने पाय उचलायचा नाही, उचलला तर हवा उलटी आत शिरते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करतात आणि डबीतले ऑइल संपू देत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नये.

स्टेअरिंगला प्ले (सैलपणा) असेल तर पहिला संशय बॉक्सवर घेतात, पण बहुधा टायरॉडचे टोक, ड्रॅगलिंक किंवा किंगपिनचे बुश झिजलेले असतात. एकाने स्टेअरिंग हलवायचे, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवायची. जिथे आवाजाआधी बोटांना झटका लागतो, तो सांधा गेला.

पाट्यांचे काम जड आहे. जुन्या गाडीचा बाक उतरलेला असतो, पिन-बुश लंबगोल झालेले असतात आणि यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले. त्यांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवतात, सकाळी लांब पाईप घातलेल्या पान्याने सोडवतात. न सुटणारा नट छिन्नीने फोडलेला बरा. यू-बोल्ट नवेच टाकायचे असतात, ओढ बसलेला जुना बोल्ट पुन्हा धरत नाही. पाटे कमानवाल्याकडे नेऊन बाक चढवून घेता येतो. एखादा पाटा वाढवण्याची पद्धतही आहे, पण रिकामी गाडी त्याने उड्या मारू लागते. रोज माल वाहणाऱ्याने वाढवावा, सुट्टीला डोंगरात जाणाऱ्याने वाढवू नये.

डिझेलची वाट. फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की इंजिन एअर पकडते आणि सेल्फ कितीही मारला तरी सुरू होत नाही. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपाचा हातपंप दाबत राहायचे. आधी नुसती हवा फुसफुसते, मग पांढरा फेस, मग मोठे बुडबुडे आणि शेवटी अखंड, काचेसारखी धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तरीही सुरू झाली नाही तर नोझलकडच्या नळीचा नट सैल करून सेल्फ मारतात. या नळीतला दाब कातडी भेदून जातो, म्हणून गळती बोटाने तपासू नये, पुठ्ठा धरावा. पंपाचे सील मात्र घरी तोडू नये. ते काम पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरचे आहे.

फेरबदल. सर्वांत उपयोगी बदल सर्वांत स्वस्त आहे आणि तो कोणाच्या नजरेतही भरत नाही: डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्राला, रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेणे. लांब पल्ला मारून तापलेले हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. पुढच्या सर्व्हिसला ऑइल दुधाळ चहासारखे निघते, तोवर बेअरिंग गेलेले असते. स्नॉर्केलचेही, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीचेही, कारण पाणीच आहे. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

टायर मोठे करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास सुमारे ७०४ मिमीवरून ७३४ मिमी होतो. एक्सल मात्र त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५ मिमी उचलला जातो. काट्यावर ६० दिसताना गाडी साधारण ६२.५ ने धावते, चढावर गिअर जड वाटतात आणि ब्रेकला जास्त काम पडते. पाटे किंवा शॅकल बदलून गाडी उंच केली तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस जॉइंट लवकर जातो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि वळणावर गाडी अधिक झुकते. आपल्या भागाला उंचीपेक्षा चांगली नक्षी, पुढेमागे भक्कम टो-हुक आणि चालू स्थितीतला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) यांचा उपयोग कितीतरी जास्त. जुन्या गाडीचा फोर-बाय-फोर लिव्हर वर्षानुवर्षे न वापरल्याने अडकलेला असतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर तो टाकून शंभर-दोनशे मीटर चालवावे. कोरड्या डांबरावर टाकू नये, कारण मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळताना पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये पीळ भरतो.

कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढचे लोखंडी बुलबार केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवले. ते मी स्वतःहून काढले असते असेच म्हणेन, कारण पादचाऱ्याला ते जीवघेणे ठरतात. दुरुस्तीला, म्हणजे मूळ मापाचा भाग बदलण्याला, यातले काही आड येत नाही. खासगी नोंदणीच्या गाडीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. पिवळ्या पाटीच्या मालवाहू पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो आणि त्यासाठी गाडी नेण्याआधी दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर घरीच तपासून घेतात.

पूजा आणि चाचणी. खंडेनवमीला पाने, जॅक, हातोडा पुसून पाटावर मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचे तोरण बांधतात. वर्षभर तेलकट पोत्यात पडलेला सोळा-सतराचा पाना त्या दिवशी देवघरासमोर येतो.

काम संपल्यावरची पहिली फेरी रिकाम्या गाडीची आणि ओळखीच्या रस्त्यावर मारतात. आठ-दहा किलोमीटरवर थांबून चारही हबना हाताची पाठ लावून बघतात. एखादाच हब इतरांपेक्षा चटका देत असेल तर बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे. मग सावळघाटासारखा चढ-उतार, तोही दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकचा वास येतो का हे बघत. नव्या यू-बोल्टचे नट दोनशे किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा आवळतात, गाडी चाकांवर उभी असताना.