रस्ता वर, रान खाली

नागपूरहून जबलपूरकडे निघालं आणि मनसर मागे टाकून देवलापारच्या पट्ट्यात शिरलं, की राष्ट्रीय महामार्ग ४४ मध्येच जमीन सोडून खांबांवर चढतो. काही अंतराने खाली उतरतो, पुन्हा चढतो. काही पुलांखाली नाले आहेत, काहींखाली नुसतं रान. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या सुमारे १६ किलोमीटरमध्ये अशी नऊ बांधकामं आहेत: पाच खास प्राण्यांसाठीचे अंडरपास आणि चार छोटे पूल. सर्वांत आखूड ५० मीटरचं, सर्वांत लांब तब्बल ७५० मीटरचं.

एवढा खर्च कशासाठी? गाडीखाली मेलेलं जनावर आपल्याला दिसतं. रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन आवाजाला आणि दिव्यांना बिचकून मागे फिरलेलं दिसत नाही, आणि माझ्या मते मोठं नुकसान तिथेच होतं. पेंचचे वाघ कान्हाकडे आणि नवेगाव-नागझिऱ्याकडे जंगलाच्या चिंचोळ्या पट्ट्यांतून ये-जा करतात. हे पट्टे तुटले की वाघ आपापल्या जंगलात अडकतात, नात्यातल्या नात्यात प्रजनन वाढतं आणि काही पिढ्यांत वंश दुबळा होऊ लागतो. दुपदरी रस्ता रात्री वाहतूक विरळ झाल्यावर ओलांडता तरी येतो. चौपदरी महामार्गावर ती संधी फार कमी मिळते.

प्राण्यांसाठी वाट ठेवायची तर साधी मोरी का चालत नाही, याचं उत्तर एका सोप्या गणितात आहे. वाटेची रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि रस्त्याखालून जितकं अंतर चालावं लागतं त्याने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी वाट मोकळी. समजा रस्ता ३० मीटर रुंद आहे. त्याखाली ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच मोरी असेल, तर उत्तर येतं ०.४. चितळासाठी ते अंधारं बीळच. पलीकडचं दिसत नाही आणि आत कोणी दबा धरून बसलं असेल तर पळायला जागा नाही. तोच रस्ता ७५० मीटर लांब आणि ५ मीटर उंच पुलावर नेला, तर पुलाची लांबी हीच खालच्या वाटेची रुंदी होते आणि उत्तर येतं १२५. तिथे कळप रानात चालावा तसा चालतो.

अर्थात नुसत्या आकाराने भागत नाही. जागा चुकली तर भव्य पूलही ओस पडतो. जनावरांच्या वाटा बऱ्याचदा नाल्यांच्या काठाने जातात, कारण तिथे पाणी असतं आणि आडोसाही. त्यामुळे नाल्यावरचा पूल मुळातच थोडा लांबवला, तर पुराचं पाणीही मोकळं वाहतं आणि काठावरची कोरडी वाटही शाबूत राहते. गावाकडच्या कुठल्याही रस्त्यावर करता येण्याजोगी ही गोष्ट आहे, व्याघ्र प्रकल्पच हवा असं नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये या पुलांखाली कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावले. दहा महिन्यांत १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं मिळाली. सर्वाधिक चितळ, त्याखालोखाल रानडुकरं. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा ११ वेगवेगळे वाघ ८९ वेळा खालून गेल्याचं निघालं. वाघाटी हे इवलंसं रानमांजरही या वाटा वापरतं, याचं मला वाघांइतकंच अप्रूप वाटतं.

हे सहज घडलं नाही. हा महामार्ग चौपदरी करण्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. छिंदवाड्यावरून वळसा घालून रस्ता न्या, असा पर्यायही पर्यावरणवाद्यांनी लावून धरला होता. जंगल टाळून जाणारी आखणी हाच पहिला पर्याय असायला हवा, पूल त्यानंतरचा, असं मला ठामपणे वाटतं. आखणी कागदावर असताना ती बदलता येते. भराव पडल्यावर फक्त भोकं पाडता येतात.

जे बांधलं त्याची राखणही तितकीच गरजेची आहे. पुलाखाली गुरं बसू लागली, कुत्री वावरू लागली, ट्रक उभे राहू लागले, की हरणं ती जागा सोडतात. शिवाय दोन पुलांमध्ये रस्ता जमिनीवरच आहे. तिथे जनावरांना पुलाकडे वळवणारं पक्कं कुंपण आणि गाड्यांच्या वेगावर लगाम, दोन्ही हवेत.