कबुतराला युद्ध कळत नव्हतं

२३ फेब्रुवारी १९४२. ब्रिटनचं एक बोफोर्ट बॉम्बफेकी विमान मोहिमेवरून परतताना उत्तर समुद्रात कोसळलं. आतले चौघे जण वाचले खरे, पण नेमके कुठे आहेत ते तळावर कुणालाच माहीत नव्हतं. विमानात पेटीत ठेवलेली विंकी नावाची कबुतराची मादी सुटली आणि सुमारे १९० किलोमीटर उडून स्कॉटलंडमध्ये, डंडीजवळच्या आपल्या खुराड्यात पोचली. ती थकून गेली होती आणि तिचे पंख तेलानं माखलेले होते. पायाला चिठ्ठीही नव्हती.

तरीही तिनं निरोप आणला. विमान कधी कोसळलं, विंकी कधी पोचली, वारा कुठून वाहत होता आणि तेलकट पंखांनी तिचा वेग किती मंदावला असेल, याचा हिशेब हवाई दलानं मांडला. त्यावरून शोधाची जागा ठरली आणि चौघंही सापडले. पुढच्याच वर्षी युद्धातल्या प्राण्यांसाठी ब्रिटनमध्ये डिकिन पदक सुरू झालं. ते सर्वांत आधी मिळालेल्या तीन कबुतरांत विंकी होती.

ही गोष्ट मुलांना सांगताना आपण पटकन म्हणतो, ‘विंकीनं जीव धोक्यात घालून सैनिकांना वाचवलं.’ मला हे पटत नाही. विंकीला सैनिक माहीत नव्हते, शत्रू माहीत नव्हता. ती घरी चालली होती. आणि भर समुद्रातून तिला घर सापडलं कसं, हे त्या शौर्यकथेपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. मुलांना ते नक्की सांगावं.

निरोप्या कबूतर हव्या त्या पत्त्यावर जात नाही. त्याला खुराड्यापासून दूर नेऊन सोडायचं, ते परत येतं, एवढंच. दिशा ओळखायला त्याच्याकडे सूर्य आहे आणि शरीरातलं घड्याळ आहे. शास्त्रज्ञांनी काही कबुतरांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचं हे घड्याळ सहा तासांनी सरकवलं. बाहेर सोडल्यावर ती घराच्या दिशेपासून जवळपास काटकोनात भलतीकडेच निघाली! ढगाळ दिवशी सूर्य दिसत नाही, तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व मदतीला येतं. पाठीवर छोटं चुंबक बांधलेली कबुतरं अशा दिवशी गोंधळली. हवेतले वास आणि खालचे रस्तेसुद्धा त्यांना उपयोगी पडतात. मात्र चुंबकत्व शरीरात नेमकं कुठे जाणवतं, हे कोडं सुटलेलं नाही. चोचीतल्या लोहयुक्त पेशी हे त्याचं उत्तर मानलं जात होतं. २०१२ मध्ये कळलं की त्या रोगप्रतिकार करणाऱ्या साध्या भक्षक पेशी आहेत.

विंकीचं गणित वर्गातही करता येतं. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. नकाशावर खुराड्याभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं, मग वारा आणि ओले पंख धरून ते लहान-मोठं करायचं. सातवी-आठवीच्या मुलांना हे सहज जमतं.

पहिल्या महायुद्धात जमिनीखाली भुयारं खणणारे सैनिक कॅनरी पक्षी सोबत नेत. पक्ष्याच्या फुप्फुसांतून श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा वाहते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू त्याला माणसाच्या आधी बाधतो. कॅनरी कोसळला की माणसं बाहेर धाव घेत.

इथे मूल विचारणारच, ‘मग तो मरायचा?’ हो, बऱ्याचदा मरायचा. हे लपवू नये. त्याच युद्धात सुमारे ८० लाख घोडे मेले. त्यांतले असंख्य घोडे गोळीनं मेले नाहीत. थकवा, आजार, चिखल, थंडी आणि अपुरा चारा यांनी मेले.

थोड्या मोठ्या मुलांना सोव्हिएत सैन्यातल्या कुत्र्यांबद्दलही सांगावं. त्यांना रणगाड्याखाली अन्न शोधायला शिकवलं आणि मग अंगावर स्फोटकं बांधून सोडलं. खऱ्या तोफांच्या आवाजानं बावरून कित्येक कुत्री उलट आपल्याच खंदकांकडे पळाली. भूक आणि विश्वास यांचा असा वापर करणं मला सर्वांत क्रूर वाटतं. मुलांनाही तसं वाटलं, तर त्यांना चिडू द्यावं.

युद्ध संपल्यावरही सुरुंग जमिनीत राहतात. ते हुंगून काढायला टांझानियात आफ्रिकी पिशवीगाल्या उंदरांना शिकवतात. स्फोटकाचा वास ओळखला की ‘टिक्’ असा आवाज आणि लगेच केळ्याचा तुकडा, एवढीच शाळा. यंत्र प्रत्येक गंजक्या खिळ्यापाशी वाजतं, उंदीर मात्र स्फोटकापाशीच जमीन खरवडतो. त्याचं वजन जेमतेम सव्वा किलो असल्यानं सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदरानं कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेली स्फोटकं शोधली. २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये म्हातारपणानं गेला. टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासायचा. धातुशोधक घेतलेल्या माणसाला त्याच जागेसाठी चार दिवसही लागू शकतात.