जानेवारीतला बर्फ ऑगस्टच्या आईस्क्रीमला

हिवाळ्यात तळ्यावर धरलेला बर्फ साठवायचा आणि ऐन उन्हाळ्यात पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवायचं, तेही विजेशिवाय! इंग्लंडमधल्या जमीनदार मंडळींनी हे दोनेकशे वर्षं केलं. 1660 साली राजा दुसरा चार्ल्स याने लंडनच्या सेंट जेम्स पार्कात बर्फघर बांधलं आणि मग काय, राजाकडे आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच हवं झालं.

बाहेरून बघाल तर झाडीतलं नुसतं मातीचं टेकाड. आत मात्र विटांची खोल विहीर, बऱ्याचदा अंड्याच्या आकाराची, निमुळतं टोक खाली, वर घुमट, आणि आत जायला बोळ ज्याला एकामागे एक दोन-तीन दारं. थंडीत नोकर बर्फ फोडून गाडीने आणायचे, आत टाकून कुटून कुटून घट्ट बसवायचे, पेंढा भरायचे. हात काय गारठत असतील, विचार करा.

आता टिकतो कसा? एक किलो बर्फ नुसता वितळायला 334 किलोज्यूल उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल. त्यात ढीग सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर बर्फ आठपट होतो पण उष्णता शिरायला पृष्ठभाग चारपटच, म्हणून टनावारी भरायचं.

पण मला विचाराल तर खरी हुशारी तळाच्या मोरीत आहे. कोरड्या पेंढ्यात हवा अडकलेली असते, ती उष्णता अडवते, पण तोच पेंढा भिजला की काम बिघडलं. त्यामुळे वितळलेलं पाणी लगेच बाहेर जायला हवं आणि त्याच वाटेने गरम हवा आत येता कामा नये, म्हणून काही ठिकाणी नळाला बाक द्यायचे ज्यात पाणी साचून राहतं, आपल्या बेसिनखाली असतो तसाच.

हा बर्फ तळ्यातला, म्हणजे घाणेरडाच, तो कोण खाणार? त्यात मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, मग त्यात भांडं ठेवून मलई गोठवायची.

हिवाळा उबदार गेला की मात्र पंचाईत. 1822 मध्ये विल्यम लेफ्टविच नावाच्या व्यापाऱ्याने थेट नॉर्वेहून 300 टन बर्फ जहाजाने मागवला. पुढे आपल्या मुंबईतही अमेरिकेहून बर्फ यायचा आणि त्यासाठी घुमटाचं बर्फघर होतं.

फ्रिज आल्यावर ही बर्फघरं ओस पडली. आता बऱ्याच ठिकाणी वटवाघळं हिवाळा काढतात, आतलं तापमान फारसं बदलत नाही ना, आणि तिकडे त्यांना कायद्याचं संरक्षण असल्याने दाराला जाळी लावून ठेवतात.