गरोदरपणातील ओपिऑइड वेदनाशामके

अफूपासून मिळणारी किंवा तिच्यासारखे काम करणारी वेदनाशामके : मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, पेथिडिन, फेंटानिल इत्यादी. ही औषधे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. तरी गरोदरपणात ती सरसकट वर्ज्य नाहीत. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल देतात. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर शक्यतो टाळतात. त्यामुळे शस्त्रक्रिया, मुतखडा, मोडलेले हाड अशा तीव्र वेदनांत थोडे दिवस, कमीत कमी मात्रेत ओपिऑइड द्यावे लागते. गर्भवतीने असल्या वेदना सोसाव्यात अशी अपेक्षा करणे गैर आहे.

पहिल्या तिमाहीतील वापर आणि जन्मजात व्यंगे यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला, काहींत नाही; धोका असलाच तर लहान आहे. शेवटच्या महिन्यांत सलग घेतलेल्या औषधाचा परिणाम मात्र निश्चित दिसतो. नाळ कापली की बाळाला मिळणारे औषध एकदम तुटते आणि बहुधा पहिल्या ३ दिवसांत लक्षणे सुरू होतात : कर्कश रडणे, हातपायांची थरथर, वरचेवर शिंका, जुलाब, दूध नीट न ओढणे. यावर उपचार आहेत. मंद उजेडाची शांत खोली, आईची कूस आणि थोडे थोडे दूध एवढ्यानेही अनेक बाळे सावरतात. काहींना मॉर्फिनचे थेंब द्यावे लागतात.

हे कळल्यावर घाबरून औषध अचानक बंद करणे ही सर्वांत घातक गोष्ट. ज्या स्त्रीला औषधाची सवय जडली आहे तिला त्याने तीव्र त्रास होतो, पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका वाढतो आणि मुदतपूर्व प्रसूतीची भीती राहते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्त्रियांसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (व्यसनाच्या औषधाऐवजी ठरावीक मात्रेत दिली जाणारी, दीर्घकाळ टिकणारी ओपिऑइडे) देखरेखीखाली चालू ठेवण्याची शिफारस केली. तिला दोष देणारा दवाखाना तिला उपचारांपासूनच दूर लोटतो. घेत असलेले औषध बालरोगतज्ज्ञाला आधी कळणे फार गरजेचे असते : अशा बाळाला नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम एकदम उतरवणारे औषध) दिल्यास झटके येऊ शकतात.

कळांसाठी दिलेले पेथिडिन प्रसूतीच्या २-३ तास आधी टोचले गेले, तर बाळ सुस्त जन्मते आणि त्याचा श्वास मंदावू शकतो. अंगावर पाजताना कोडीन व ट्रॅमाडॉल टाळावे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही स्त्रियांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिन फार झपाट्याने होते आणि ते दुधात उतरते. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते, म्हणून बाटलीवरील घटक वाचावेत.