हौशी सॉफ्टबॉल पंच आणि अमेरिकेतील प्रादेशिक ऋतुमान

अमेरिकेत शाळा, वयोगटांच्या स्पर्धा आणि हौशी लीग यांतील सॉफ्टबॉल सामने बहुतांशी नोकरी-धंदा सांभाळून पंचगिरी करणारी माणसे चालवतात. त्यांच्या कामाचे वेळापत्रक, पोशाख आणि मैदानावरचे निर्णय प्रदेशाच्या हवामानानुसार बदलतात. बेसबॉलच्या जवळचा हा खेळ १८८७ साली शिकागोत जन्मला तो एका बोट क्लबच्या छपराखाली, नोव्हेंबरच्या थंडीत. पुढे तो उघड्या मैदानावर आला आणि हवेच्या स्वाधीन झाला. नियमपुस्तके थोड्याफार फरकाने सारखीच असली, तरी उत्तरेकडच्या थंड मिनेसोटातील पंचाचे वर्ष आणि वाळवंटी ॲरिझोनातील पंचाचे वर्ष यांत साम्य फार कमी.

शालेय हंगामच पाहिला तर फ्लोरिडात तो फेब्रुवारीत सुरू होऊन मेमध्ये संपतो. मिनेसोटात एप्रिल उजाडला तरी मैदान खेळण्याजोगे असेलच असे नाही. २०१८ च्या एप्रिलच्या मध्यावर मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहराला हिमवादळाने गाठले होते. अशा वर्षी तुंबलेले सामने मेमध्ये एकावर एक येतात आणि पंच पुरेनासे होतात. आयोवाची तऱ्हाच निराळी. तेथे मुलींचे शालेय सॉफ्टबॉल उन्हाळ्यात, सुट्टीत होते आणि राज्य अजिंक्यपद जुलैत फोर्ट डॉज येथे खेळले जाते. त्या दिवसांत मक्याच्या अफाट शेतांतून बाष्प उठत असते. मास्क, छातीचे कवच आणि नडगीचे पॅड चढवून प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या जागेमागे, बसणाऱ्या पंचाला तापमानाच्या आकड्यापेक्षा हा दमटपणाच जास्त छळतो. जॉर्जिया, नेब्रास्का आणि ओक्लाहोमा येथे शालेय फास्टपिच (वेगवान चेंडूफेकीचा सॉफ्टबॉल) ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. जॉर्जियाचा वसंत नेब्रास्काच्या मानाने कितीतरी सौम्य, तरी दोन्हीकडे हंगाम तोच. तेव्हा सगळेच हवेवर ढकलता येत नाही, शाळांच्या क्रीडा-वेळापत्रकाचाही त्यात वाटा आहे.

ॲरिझोनात वर्ष उलटे फिरते. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले. साहजिकच उन्हाळी लीग दिव्यांच्या उजेडात, रात्री खेळल्या जातात आणि थंडीच्या राज्यांतून हिवाळा काढायला आलेल्या ज्येष्ठांच्या स्लोपिच (संथ चेंडूफेकीच्या) सामन्यांमुळे हिवाळ्यात मैदाने गजबजतात. तिथल्या हवामान खात्याच्या लेखी १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ, पण आपल्याकडच्या झडीची कल्पना तेथे उपयोगाची नाही. दुपारनंतर ढग दाटतात, कधी पावसाआधी धुळीची उंच भिंत चालून येते आणि काही मिनिटांत चेंडू दिसेनासा होतो.

कॅलिफोर्नियात एकाच दिवसाचे दोन ऋतू भेटतात. जुलैत सॅक्रामेंटोत पारा ३८ अंशांवर असताना दोन तासांच्या अंतरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रावरून धुके आणि बोचरा वारा येतो, आणि पंच जाकीट घालून उभा असतो. सिॲटलची पावसाळी म्हणून ख्याती असली तरी तेथील जुलै-ऑगस्ट कोरडे असतात आणि जूनअखेर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पावसाची खरी अडचण वसंतातल्या शालेय सामन्यांना होते.

पावसाचा सॉफ्टबॉलवर इतका परिणाम होण्याचे कारण मैदानात आहे. पारंपरिक इनफिल्डवर, म्हणजे बेसच्या (धावताना गाठायच्या ठाण्यांच्या) आतल्या भागात, गवत नसते, नुसती माती असते. थोड्या सरीनेही पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) पायाखाली आणि बेसभोवती चिखल होतो. मग भाजलेल्या चिकणमातीचे दाणे टाकून पाणी शोषून घेतले जाते. सामना सुरू होण्यापूर्वी मैदान योग्य आहे का हे सामान्यतः यजमान किंवा आयोजक ठरवतात. सुरू झाल्यावर खेळ थांबवण्याचा अधिकार मुख्य पंचाकडे जातो. खरी ओढाताण चौथ्या-पाचव्या डावात होते. सात डावांच्या सामन्यात (एका डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, यजमान नंतर) पाच डाव पूर्ण झाले, किंवा यजमान संघ आघाडीवर असताना साडेचार झाले, की थांबलेला सामनाही निकाली धरता येतो. त्यामुळे आघाडीवरच्या प्रशिक्षकाला पाऊस भुरभुर वाटतो आणि पिछाडीवरच्याला तोच मुसळधार. पंचाने अशा वेळी धावफलकाकडे न पाहता पिचरच्या पायांकडे पाहावे हे उत्तम, पण सोपे नाही.

विजेच्या बाबतीत मात्र अशी रस्सीखेच चालत नाही, आणि ते योग्यच आहे. गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली की खेळ थांबतो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि मधे पुन्हा आवाज आला तर मोजणी नव्याने. मध्य फ्लोरिडात, जेथे दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्रवारे भिडतात, उन्हाळ्यातील दुपारी हे इतके नित्याचे आहे की तीन सामन्यांची संध्याकाळ एका सामन्यावर येऊ शकते. खेळाडूंचा उघडा डगआउट (मैदानाकडेची बसण्याची जागा) सुरक्षित नसतो. पक्की इमारत नसेल तर बंद मोटारीत बसावे लागते.

थंडीत कंपोझिट (कृत्रिम तंतूंच्या मिश्रणाच्या) बॅटला तडे जाण्याची शक्यता वाढते आणि चेंडू टणक होतो, म्हणून उत्तरेकडच्या पंचाला बॅटच्या तपासणीत जास्त लक्ष घालावे लागते.

मानधन बहुधा सामन्यागणिक मिळते. मैदानावर पोहोचल्यावर सामना रद्द झाला तर काही लीग थोडी रक्कम देतात, काही देत नाहीत. निघण्याआधीच रद्द झाल्याचा निरोप आला तर सहसा काहीच हाती पडत नाही.